कायदेकौन्सिलातील बाबासाहेब

(आपल्या संस्थेच्या जयंती सप्ताहातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





मी वक्ता नाही. कलाशाखेचा पदवीधर आहे आणि गेली वीस वर्षे बँकेत कारकुनी करतो आहे. व्हाउचर तपासणे, नोंदी घेणे, अर्ज पुढे पाठविणे हे माझे रोजचे काम. तेव्हा या व्यासपीठावरून विद्वत्तापूर्ण व्याख्यान होईल अशी अपेक्षा कृपया ठेवू नये. पण आपल्या विहारातील अभ्यासवर्गात बारावीच्या एका विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला आणि त्या दिवशी मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

त्याने विचारले, "काका, बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले, ते पास झाले नाही. खोतीचे बिल आणले, तेही पास झाले नाही. संपाच्या हक्कावर कुऱ्हाड घालणाऱ्या बिलाला विरोध केला, ते मात्र पास झाले. मग आमदार म्हणून ते अयशस्वी ठरले असे म्हणायचे का?"

वर्गात शांतता पसरली. एकदोघांनी त्या मुलाकडे रागाने पाहिले. मला मात्र राग आला नाही. प्रश्न प्रामाणिक होता. आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, महाडचे सेनापती म्हणून ओळखतो, १९५६ साली धम्मचक्र फिरविणारे महामानव म्हणून ओळखतो. परंतु त्याआधीची दहाबारा वर्षे एक बॅरिस्टर आणि मुंबई प्रांताचा एक आमदार या नात्याने त्यांनी केलेले काम आपल्या भाषणांत फारसे येत नाही. कारण त्या कामात जयजयकार कमी आणि कागद जास्त आहेत. मी कागदातला माणूस असल्यामुळे मला ते काम जवळचे वाटते.

बाबासाहेब १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मायदेशी परतले. पदव्या होत्या, पण वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली आणि १९२३ च्या जुलैमध्ये त्यांनी मुंबईच्या हायकोर्टात वकिली सुरू केली. त्या काळी हायकोर्टातल्या बॅरिस्टराला काम मिळायचे ते सॉलिसिटरांच्या हातून. अस्पृश्य बॅरिस्टराला ती मंडळी काम कशाला देतील? मग बाहेरगावची अपिले, गोरगरिबांचे फौजदारी खटले, जे मिळेल ते काम त्यांनी घेतले. संसार चालविण्यासाठी बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकविला. पुढे १९२८ साली सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९३५ साली त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांची कचेरी होती. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कामही तिथूनच चाले. म्हणजे वकिलाची कचेरी आणि चळवळीची कचेरी जवळजवळ एकाच छताखाली होती. हे लक्षात ठेवा, कारण माझे आजचे सगळे म्हणणे यातच आहे.

१९२६ साली ब्राह्मणेतर चळवळीतील दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे आदी मंडळींवर 'देशाचे दुष्मन' या पुस्तकावरून बदनामीचा खटला झाला आणि खालच्या कोर्टात त्यांना शिक्षा झाली. पुण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांचे अपील बाबासाहेबांनी चालविले आणि जिंकले. या अपिलामुळे वकील म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले.

आता कौन्सिलाकडे वळू. बाबासाहेब सभासद होण्याआधीची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेकौन्सिलात एक ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टे, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा तो ठराव होता. तो मंजूर झाला आणि सप्टेंबरमध्ये सरकारने तसा हुकूम काढला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. १९२६ साली बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, की जी नगरपालिका अंमल करणार नाही तिचे सरकारी अनुदान थांबवावे.

मित्रहो, बोले जातीने भंडारी. आपल्या समाजाशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. परंतु त्यांच्या त्या ठरावाचा आधार घेऊनच २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले. आपण महाडला क्रांती म्हणतो आणि ती क्रांती होतीच. पण त्या क्रांतीच्या खिशात कौन्सिलाचा ठराव होता, सरकारी हुकूम होता, नगरपालिकेचा ठराव होता. जो हक्क कागदावर मिळाला होता, तो ओंजळीत घेण्यासाठी ती माणसे गेली होती.

त्याआधी महिनाभर, १८ फेब्रुवारी १९२७ रोजी, बाबासाहेबांनी कौन्सिलाच्या सभासदत्वाची शपथ घेतली होती. ते निवडून आलेले नव्हते. अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून सरकारने त्यांना आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांना नेमले होते. शंभराहून अधिक सभासदांच्या सभागृहात आपली अवघी दोन माणसे. शिवाय ज्या सरकारने नेमले त्याच्याच बाजूने बोलावे, अशी नेमलेल्या सभासदाकडून अपेक्षा असते. बाबासाहेबांनी काय केले? शपथ घेऊन आठवडाही झाला नव्हता, तोच २४ फेब्रुवारीला अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारच्या करपद्धतीवरच बोट ठेवले. प्राप्तिकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट मिळते, पण शेतकऱ्याचे शेत कितीही लहान असो, पीक येवो अथवा बुडो, सारा द्यावाच लागतो, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. मार्चमध्ये शिक्षणाच्या मागणीवर बोलताना त्यांनी हिशेबच मांडला. सरकार माणशी सुमारे चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान लोकांकडून अबकारीत जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते.

ही भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ साली त्यांच्या लेखन व भाषणांच्या दुसऱ्या खंडात प्रसिद्ध केली आहेत. इंग्रजीत आहेत, पण अवघड नाहीत. वाचताना माझ्या लक्षात आले की त्यांत आवेशाची वाक्ये थोडी आणि आकडे फार आहेत. रागावण्याचा सर्वांत जास्त अधिकार ज्या माणसाला होता, तो माणूस सभागृहात आकडेमोड करीत उभा होता.

आता डिसेंबर १९२७ चा प्रसंग. मार्चमध्ये तळ्यावर पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली होती. सवर्णांनी तळे शुद्ध करून घेतले होते. महाड नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव मागे घेतला होता. म्हणून २५ डिसेंबरला पुन्हा सत्याग्रह ठरला. तोंडावर येऊन विरोधकांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला, की तळे खाजगी आहे, आणि बाबासाहेबांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. इकडे हजारो लोक भाकरी बांधून महाडला आलेले. तुरुंगात जायची तयारी झालेली. मनुस्मृतीचे दहन झालेले. लोक म्हणत होते, चला तळ्यावर.

अशा वेळी पुढाऱ्याने काय करावे? चला म्हणणे सोपे होते. टाळ्या त्यातच होत्या. बाबासाहेबांनी लोकांना समजावून सांगितले, की आपले भांडण सवर्णांशी आहे, कोर्टाशी नाही. मनाईहुकूम आहे तोपर्यंत आपण सत्याग्रह पुढे ढकलू आणि कोर्टात आपला हक्क शाबीत करू. लोकांनी ऐकले. तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता ते परत गेले.

ते परत फिरणे किती जड गेले असेल! घरी जाऊन बायकामुलांना काय सांगितले असेल? आणि मग सुरू झाली ती दहा वर्षे, जिच्याबद्दल आपल्या मिरवणुकांत कोणी गाणे म्हणत नाही. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला. १९३१ साली महाडच्या कोर्टाने दावा आपल्या बाजूने निकालात काढला. विरोधकांनी ठाण्याला अपील केले, १९३३ साली तेही फेटाळले गेले. ते हायकोर्टात गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निर्णय दिला, की अस्पृश्यांना या तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादिकालापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश. तळ्यावर पाणी पिण्याला काही मिनिटे लागली. ते पाणी कायद्याने आपले ठरायला दहा वर्षांना तीन दिवस कमी इतका काळ लागला. आणि त्या सबंध काळात तारखा सांभाळाव्या लागल्या, कागद पुरे करावे लागले.

हे चालू असतानाच कौन्सिलातले कामही चालू होते. १९२८ च्या जुलैमध्ये गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणात मदत देण्याचे बिल चर्चेला आले. ते बाबासाहेबांनी आणले, असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते. तसे नाही, ते दुसऱ्या सभासदाचे होते. परंतु बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, पण जो मालक तिच्या श्रमाचा फायदा घेतो तोही यातून सुटू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. भारतातला त्या प्रकारचा तो पहिला कायदा.

आता वतनाचे बिल. इथे मला थोडे घरचे सांगावे लागेल. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातील आमच्या गावचे वतनदार महार. वतनदार हा शब्द ऐकून कॉलेजातल्या एका मित्राने मला विचारले होते, "म्हणजे तुम्ही जमीनदार का?" मी हसलो, दुसरे काय करणार! येसकरपाळी आली की घुंगराची काठी हातात घेऊन आजोबा चावडीवर हजर. साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवायची, येणाऱ्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, मयताचा सांगावा घेऊन दहा कोस जायचे, मेलेले जनावर ओढायचे. वेळकाळ नाही. आजोबा आजारी पडले तर माझी आजी आणि मुले ते काम करीत. मोबदला म्हणून इनामाचा एक तुकडा, भावकीत वाटून वाटून हातरुमालाएवढा झालेला, आणि गावाच्या मर्जीचे बलुते. गाव रुसले की बलुते बंद. आजोबा म्हणायचे, "सरकारचा नोकर आणि गावचा भिकारी."

१८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मांडले ते याच व्यवस्थेविरुद्ध. त्याच्या मुख्य गोष्टी अशा : ज्याला वतनाच्या कामातून सुटायचे असेल त्याला सुटता यावे आणि पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडेच राहावी. बलुत्याची पैशात आकारणी करून ती रक्कम साऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी, म्हणजे कोणाच्या दारी हात पसरावा लागू नये. आणि वतनदाराने कोणती कामे करायची ते ठरवून द्यावे. ऑगस्टमध्ये पुण्याच्या अधिवेशनात चर्चा झाली. सरकारच्या महसूल खात्याचा विरोध होता. इतक्या स्वस्तात चोवीस तासांचा नोकर दुसरा कुठे मिळणार? हे बिल पास झाले नाही तर आपण महारांचा संप संघटित करू, असा इशारा बाबासाहेबांनी सभागृहातच दिला. बिल सिलेक्ट कमिटीकडे गेले, तिथे त्याचा मूळ गाभाच राहिला नाही आणि १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले.

विद्यार्थी मित्राने विचारले होते ते पहिले अपयश हेच. आजोबा सांगायचे, की आपल्यातलीही कित्येक माणसे तेव्हा घाबरली होती. वतन गेले तर जमीनही जाईल, मग खायचे काय? गुलामीचा तुकडाही सोडवत नाही. ज्यांच्यासाठी बिल होते त्यांचीही समजूत घालायची, सरकारशी भांडायचे आणि सभागृहात मते मागायची, अशी ती तिहेरी लढत होती.

मधल्या काळातील सायमन कमिशनपुढची साक्ष, प्रांतिक समितीतील वेगळे मतपत्र, स्टार्ट समितीचे काम आणि गोलमेज परिषदा आपल्याला ठाऊक आहेत, म्हणून मी पुढे जातो. फक्त एक खटला सांगतो. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण यांवर उघड लिहिणाऱ्या कर्व्यांच्या जवळ कोणी उभे राहायला तयार नव्हते. बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण विषय त्यांनी सोडला नाही. १९३८ साली त्यांच्या पक्षाचे आमदार रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून त्यांचे भाषण वाचून दाखविण्यात आले. तोही ठराव पडला. कोर्टात हरलेला मुद्दा त्यांनी सभागृहात नेला, आणि सभागृहात पडलेला मुद्दा इतिवृत्तात ठेवून गेले.

१९३७ साली नव्या कायद्याप्रमाणे निवडणुका झाल्या. आदल्या वर्षी स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सतरा उमेदवार उभे होते, त्यांतले बहुतेक निवडून आले. बाबासाहेब मुंबईतून निवडून आले. आता ते सरकारने नेमलेले नव्हते, लोकांनी पाठविलेले होते. बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले आणि बाबासाहेब विरोधी बाकावर बसले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले.

देशावरच्या आपल्या मुलांना खोती माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. कोकणात सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत असे. सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळाकडून त्याहून कितीतरी अधिक घ्यायचे. वरती वेठबिगार. कुळ पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसे, पण जमीन त्याची नसे. ही पद्धत बंद करावी, खोतांना वाजवी नुकसानभरपाई द्यावी आणि कसणाऱ्याला सरकारचा थेट खातेदार करावे, असे ते बिल होते. या कुळांत महार होते, तसे कुणबी होते, आगरी होते, मुसलमान होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. जातीपलीकडचा तो मोर्चा बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली गेला, हे आपल्याबाहेरच्या लोकांना सांगितले पाहिजे आणि आपणही विसरता कामा नये. बिल मात्र पास झाले नाही.

त्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. काही परिस्थितीत संप करणे गुन्हा ठरविणारे. बाबासाहेबांनी सप्टेंबरमध्ये त्याविरुद्ध मुद्देसूद भाषण केले. कामावर न जाणे हा फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा कसा? माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामाला लावणे म्हणजे गुलामगिरी, आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, असा त्यांचा युक्तिवाद होता. बिल पास झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांनी एक दिवसाचा संप केला आणि त्यात बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून कम्युनिस्ट पुढारीही होते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही बँकेत एखादे खाते आजच्या शिलकेवरून पाहत नाही, वर्षानुवर्षांचा उतारा काढतो. तसा उतारा काढून पाहू.

खोतीचे बिल १९३७ साली मांडले. १९४९ साली मुंबई राज्यात खोती नष्ट करणारा कायदा झाला, आणि तो झाला त्याच खेरसाहेबांच्या कारकिर्दीत. वतनाचे बिल १९२८ साली मांडले. १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा कायदा झाला आणि १९५९ च्या ऑगस्टपासून तो अंमलात आला. बाबासाहेब ते पाहायला नव्हते. त्यांचे महापरिनिर्वाण होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. संततिनियमनाचा ठराव १९३८ साली पडला. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला.

हे सारे त्यांच्या एकट्याच्या बिलांमुळे झाले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे खरे होणार नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे संप केला होता, स्वातंत्र्यानंतर जमीन सुधारणांचे वारे होते, कितीतरी लोक लढले होते. परंतु मागणी नेमकी काय, कोणते कलम बदलायचे, भरपाई कशी द्यायची, हे सभागृहाच्या दप्तरात कोणीतरी आधी लिहून ठेवावे लागते. ते त्यांनी लिहून ठेवले होते. घोषणा हवेत विरते. लिहिलेला मसुदा दप्तरात राहतो आणि पुढच्या माणसाला तिथून सुरुवात करता येते. तेव्हा अयशस्वी कोण? पाडणारे त्या दिवशी जिंकले, एवढेच.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगायला मला लाज वाटते. पण ती न सांगता हे भाषण पुरे होणार नाही.

वतने गेली तेव्हा आमच्या आजोबांनाही जमीन परत मिळाली. अशा जमिनी नव्या शर्तीवर मिळाल्या होत्या. कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता येत नाहीत. सातबाऱ्यावर तशी नोंद असते. आजोबांच्या पश्चात माझ्या चुलत्यांनी अडचणीपोटी एका इसमाकडून थोडे पैसे घेतले आणि साध्या स्टॅम्पवर जमीन लिहून दिली. परवानगी वगैरे काही नाही. २००३ साली माझा चुलतभाऊ ते कागद पिशवीत घालून माझ्याकडे आला. मी नुकताच बी. ए. झालेला, घरातला पहिला पदवीधर. तो म्हणाला, "दादा, तू शिकलेला आहेस, यात काही करता येते का बघ." मी कागद वरवर चाळले आणि मोठ्या रुबाबात त्याला म्हण ऐकविली, की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तो पिशवी घेऊन गेला.

कित्येक वर्षांनी हे वतनाचे भाषण वाचताना मला ते कागद आठवले. शर्तभंगाविरुद्ध अर्ज करता आला असता. निकाल काय लागला असता ते सोडा, अर्ज तरी गेला असता. ज्या तुकड्यासाठी आजोबा अंमलदाराच्या घोड्यापुढे धावले, ज्याच्यासाठी बाबासाहेब सभागृहात उभे राहिले, त्याच्यासाठी मला एक अर्ज लिहायचा कंटाळा आला. माझ्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. कोट घातलेला, हातात पुस्तक असलेला. त्या कोटाचा अर्थ मला कळला नव्हता. ज्या पायऱ्या मी चढू नयेत म्हणालो, त्या त्यांनी एका तळ्यासाठी दहा वर्षे चढल्या होत्या. आज त्या जमिनीत दुसऱ्याचा ऊस उभा आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. तुमच्यातला प्रत्येक जण वकील किंवा आमदार होणार नाही. पण आपल्या घरातला सातबारा वाचता आलाच पाहिजे. शिष्यवृत्तीचा अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागता आले पाहिजे. आईच्या पेन्शनचा अर्ज, शेजाऱ्याच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज, ग्रामपंचायतीला द्यायचे निवेदन, हे सारे शुद्ध भाषेत, तारीख घालून, पोच घेऊन देता आले पाहिजे. एकदा नामंजूर झाले म्हणून फाडून टाकू नका. पोच जपून ठेवा आणि पुन्हा लिहा.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी माझे बोलणे झाले आहे. यापुढे दर रविवारी वंदना झाल्यावर दोन तास मी विहारात बसणार आहे. कोणाचाही कागद असो, आपण मिळून वाचू आणि अर्ज लिहू. मुलांनी यावे आणि लिहायला शिकावे. पहिल्या रविवारी माझ्या चुलतभावाला मी मुद्दाम बोलावले आहे. ती पिशवी त्याने अजून जपून ठेवली आहे.



नमो बुद्धाय. जय भीम.